डब्यावरचं वाचा, मग पैसे मोजा

आठवड्याच्या बाजाराला जा, तालुक्याच्या दुकानात जा, नाही तर एस.टी. स्टँडवर उभे राहा. कुठे ना कुठे ताकदीच्या पावडरीचा डबा दिसतोच. कुणी सांगतो, याने पोर उंच होईल. कुणी सांगतो, याने अंगात रक्त भरेल. कुणी म्हणतो, "गुडघे धरलेत ना? महिनाभर ही भुकटी घ्या, पळायला लागाल." डब्यावर पैलवानाचं चित्र असतं. किंमत चारशे, सहाशे, कधी हजाराच्या वर.

आपण आता वाचायला शिकलो आहोत. वाचनाचा उपयोग पोथीला होतो, मुलाच्या पत्राला होतो. तसाच तो या डब्यालाही झाला पाहिजे. गिऱ्हाइकाला वाचता येतं हे कळलं, की विकणारा जपून बोलतो.

हा डबा म्हणजे अन्न की औषध?

कधी कधी जेवणात एखादा घटक कमी पडतो. कुणाला लोह कमी पडतं, कुणाला जीवनसत्त्व. ती उणीव भरून काढायला गोळी किंवा पावडर घेतात. तिला पूरक म्हणतात. इंग्रजी शब्द सप्लिमेंट.

कायद्याने हे पूरक अन्नात मोडतं, औषधात नाही. २०१६ च्या नियमांप्रमाणे अशा डब्यावर 'हेल्थ सप्लिमेंट' असे शब्द छापावे लागतात. त्याबरोबर 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' असंही छापावं लागतं. त्याचा अर्थ, 'हे औषध म्हणून वापरायचं नाही.'

आता पाहा गंमत. विकणारा म्हणतो, "याने साखरेचा आजार जातो." आणि त्याच्याच हातातला डबा म्हणतो, "मी औषध नाही." दोघांतला खरा कोण?

आयुर्वेदिक औषधाची गोष्ट वेगळी. त्याला औषधाच्या कायद्याखाली परवाना लागतो. त्यावर 'आयुर्वेदिक मेडिसिन' असे शब्द आणि उत्पादन परवान्याचा क्रमांक असतो. अन्नाचाही क्रमांक नाही आणि औषधाचाही नाही, अशी पुडी कुणी देऊ लागला तर ती घेऊच नये.

चौदा आकडे शोधा

आपल्या देशात अन्नाचा कायदा २००६ साली झाला. त्याप्रमाणे अन्नावर देखरेख ठेवणारी एक मोठी सरकारी संस्था आहे. तिचं नाव एफ.एस.एस.ए.आय. पूरक तयार करणाऱ्याला तिचा परवाना लागतो. परवान्याचा क्रमांक १४ आकडी असतो आणि तो डब्यावर छापलेला असतो.

डब्यावरचा मजकूर बहुधा इंग्रजीत असतो. म्हणून घाबरू नका. इंग्रजी आकडे दहाच आहेत. नोटेवर, तिकिटावर, मोबाइलवर ते आपण रोज बघतो. आकडे एक एक करून मोजा. तेरा भरले किंवा पंधरा भरले, तर काहीतरी गडबड आहे. शब्द वाचायला शाळेत जाणाऱ्या मुलाला जवळ बसवा. त्याचाही अभ्यास होईल.

हा क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून पाहता येतो. घरातल्या तरुण मुलाकडून पाहून घ्या. क्रमांक खरा असला तर परवाना कुणाच्या नावाचा आहे ते दिसतं. ते नाव आणि डब्यावरचं नाव एकच आहे ना, ते ताडून बघा.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. परवाना म्हणजे धंदा करायची मुभा. प्रत्येक डबा सरकारने उघडून तपासला आहे, असा त्याचा अर्थ नाही. मोटार चालवायचा परवाना असला म्हणजे प्रत्येक माणूस गाडी नीटच चालवतो का? परवाना नसेल तर डबा घ्यायचा नाही. परवाना असेल तर पुढची पाहणी सुरू करायची.

मागची बाजू वाचा

डब्याच्या पुढच्या बाजूला चित्र असतं. खरी माहिती मागच्या बाजूला बारीक अक्षरात असते. तिथे या गोष्टी बघा.

बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता. पुष्कळदा बनवणारा एक आणि विकणारा दुसराच असतो. दोघांची नावं वाचा.

बॅच नंबर. म्हणजे हा माल कोणत्या घाण्यातला, त्याची खूण. काही बिघडलं तर याच नंबरावरून शोध लागतो.

बनवल्याची तारीख आणि मुदत. मुदत संपलेला डबा स्वस्तात मिळाला तरी महागच.

घटक. हे सगळ्यांत महत्त्वाचं. जो घटक वजनाने सर्वांत जास्त, त्याचं नाव पहिलं लिहावं लागतं. मग त्याहून कमी, मग त्याहून कमी. ताकदीच्या डब्यावर पहिल्या दोन-तीन नावांत साखर आली, तर आपण काय विकत घेतोय ते कळलं. ग्लुकोज सिरप आणि माल्टोडेक्सट्रिन हीसुद्धा रक्तातली साखर चढवणारीच नावं आहेत. मधुमेहाच्या माणसाला असा डबा म्हणजे विकतचं दुखणं. 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' म्हणतात, ते असं.

नुसत्या नावावर जाऊ नये हे सरकारनेही सांगितलं आहे. दुधात घालायच्या पावडरी 'हेल्थ ड्रिंक' म्हणून विकल्या जात. अन्नाच्या कायद्यात त्या नावाची व्याख्याच नाही. म्हणून अशी पेयं त्या सदरातून काढा, असं केंद्र सरकारने २०२४ च्या एप्रिलमध्ये मोबाइलवरून माल विकणाऱ्या कंपन्यांना कळवलं.

मोठं नाव पुरेसं आहे का?

पुष्कळ जण म्हणतात, "कंपनी मोठी आहे, मग माल चांगलाच असणार." याचं उत्तर चीन देशात २००८ साली मिळालं.

दुधात प्रथिनं किती, हे बहुधा थेट मोजत नाहीत. त्यातला नायट्रोजन मोजतात आणि त्यावरून अंदाज काढतात. काही लबाडांनी यात चोरवाट शोधली. दुधात पाणी घालायचं आणि मेलामाइन नावाचं रसायन मिसळायचं. मेलामाइन प्लास्टिक करायला वापरतात. त्यात नायट्रोजन भरपूर असतो. त्यामुळे पाणीदार दूधही तपासणीत कसदार ठरू लागलं. ते दूध लहान बाळांच्या पावडरीत गेलं. सुमारे तीन लाख बाळं आजारी पडली. कित्येकांच्या मूत्रपिंडात खडे झाले. सहा बाळं दगावली. ही पावडर विकणाऱ्यांत देशातल्या नामांकित कंपन्याही होत्या.

अमेरिकेतल्या बोस्टन शहराच्या परिसरात दुकानांतून आयुर्वेदिक म्हणून विकली जाणारी ७० उत्पादनं तपासली गेली. त्याचा अहवाल २००४ साली छापून आला. ७० पैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. म्हणून 'झाडपाल्याचं आहे, अपाय होणार नाही' हे बोलणंही डोळे मिटून मानू नये.

मग भरवसा ठेवायचा कशावर? नावापेक्षा तपासणीवर. चांगली कंपनी आपला माल बाहेरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घेते. विचारलं तर त्या बॅचचा अहवाल दाखवते. जी कंपनी अहवाल दाखवत नाही, फोन उचलत नाही, पत्ता धड छापत नाही, तिच्या जाहिरातीत कितीही मोठा नट असला तरी काय उपयोग?

ही बोलणी ऐकली तर सावध

"सगळ्या आजारांवर एकच डबा." "आठ दिवसांत गुण." "अपाय बिलकुल नाही." "डॉक्टरची औषधं बंद करा." 'पी हळद आणि हो गोरी' असं शरीराचं काम नसतं. मधुमेह, कर्करोग अशा कित्येक आजारांवर औषध म्हणून जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे. अशी जाहिरात करणारा पहिल्याच पावलाला कायदा मोडतो.

फार लवकर गुण आला तरीही शंका घ्या. अंग भराभर भरतं, गुडघे दोन दिवसांत थांबतात, तेव्हा भुकटीत चोरून काही घातलेलं असू शकतं. अशा काही भुकट्यांत स्टेरॉइड नावाचं औषध मिसळलेलं तपासणीत सापडलं आहे. त्याने तोंड सुजतं, रक्तातली साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. अशी भुकटी बरेच दिवस घेतली असेल तर मनानेच एकदम बंदही करू नका. पुडी घेऊन डॉक्टरकडे जा आणि त्यांना दाखवा.

हिशेब करून पाहा

समजा, ४०० ग्रॅमचा डबा आहे. त्यावर लिहिलंय, १०० ग्रॅममध्ये १२ ग्रॅम प्रथिनं. म्हणजे साऱ्या डब्यात ४८ ग्रॅम. तेवढीच प्रथिनं साधारण २०० ग्रॅम शेंगदाण्यांत मिळतात, किंवा आठ अंड्यांत. आता डब्याची किंमत आणि शेंगदाण्याचा भाव शेजारी शेजारी मांडा. उत्तर तुम्हीच काढा. डब्यात काही जीवनसत्त्वं जास्त घातलेली असतात हे खरं. पण भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी आणि दूध यांची जागा डबा घेत नाही.

मग पूरक वाईटच का? नाही. ज्याला उणीव आहे त्याला ते हवंच. गरोदर बाईला लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी रोज एक, निदान १८० दिवस घ्यावी लागते. ही गोळी सरकारी उपकेंद्रात फुकट मिळते. रक्त कमी आहे की नाही, हे प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून कळतं. आधी तपासणी, मग गोळी, ही सरळ वाट. उगाच जास्त घेऊही नये. 'अ' आणि 'ड' जीवनसत्त्व जादा झालं तर अंगात साठून अपाय करतं. लोहाच्या गोळ्या लहान मुलाने मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेततं. त्या त्याच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा.

फसलो तर?

पावती घ्या आणि जपून ठेवा. डबाही फेकू नका. जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कचेरीत तक्रार करता येते. ग्राहकांसाठी १९१५ हा सरकारी फोन क्रमांक आहे. २००६ च्या कायद्याने गिऱ्हाइकाला आणखी एक हक्क दिला आहे. विकत घेतलेला माल फी भरून तपासून घेता येतो. मात्र तसं करणार असल्याचं घेतानाच दुकानदाराला सांगावं लागतं. माल कायद्याविरुद्ध निघाला तर भरलेली फी परत मिळते.

लक्षात ठेवा

१. चित्र बघू नका, मागची बाजू वाचा.
२. १४ आकडी क्रमांक, पत्ता, बॅच, मुदत बघा.
३. पहिला घटक कोणता, ते वाचा.
४. आजार बरा करतो म्हणणारा डबा परत ठेवा.
५. आधी तपासणी, मग पूरक.
६. पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

आज हे करा

घरात एखादा डबा असेल तर तो आणा. चौदा आकडे मोजा. पहिल्या तीन घटकांची नावं पाटीवर लिहा. मग ती शेजारच्या घरी वाचून दाखवा.