नानकटाई घरची, ज्वारीची: समजुती आणि वस्तुस्थिती

दिवाळी जवळ आली किंवा उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या, की मैदा, साखर आणि डालडा पिशवीत घालून बेकरीची वाट धरायची, ही आपल्याकडच्या तालुक्याच्या गावांतली जुनी पद्धत. वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावालाही ती नवी नाही. आता मात्र चहासोबतची बिस्किटं घरीच, तीही ‘पौष्टिक’ करायची हौस वाढली आहे. हौस चांगलीच आहे. पण तिच्यासोबत ज्या समजुती घरोघरी फिरतात त्या तपासून घ्यायला हव्यात, कारण त्यांच्यापायी चांगलं धान्य आणि चांगलं तूप वाया जातं.

सगळ्यांत घट्ट बसलेली समजूत म्हणजे ‘मैद्याशिवाय खुसखुशीत होत नाही’. खरं तर गोष्ट उलटी आहे. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळलं की ग्लुटेनचे चिवट धागे तयार होतात. पोळी लांबते ती त्यांच्यामुळे, आणि बिस्किट वातड होतं तेही त्यांच्यामुळेच. खुसखुशीतपणा येतो मोहनातून. तूप पिठाच्या कणाकणाला लागलं की पाणी आत शिरत नाही, धागे जुळत नाहीत आणि बिस्किट दाताखाली विरघळतं. शंकरपाळ्यांना मोहन कमी पडलं तर काय होतं हे ज्यांनी चाखलंय, त्यांना वेगळं सांगायला नको. ज्वारीत तर ग्लुटेन नसतंच. म्हणून नानकटाईसाठी ज्वारी ही तडजोड नाही, ती या कामाला मुळातच योग्य आहे. सोयाबीन आल्यापासून विदर्भातल्या शेतांतून ज्वारी मागे हटत गेली. चहाच्या बशीतून का होईना, ती घरात परतावी असं मला मनापासून वाटतं.

माझं प्रमाण असं: ज्वारीचं पीठ 100 ग्रॅम, गव्हाचं 60, बेसन 40, पिठीसाखर 60, तूप 80, चिमूटभर सोडा, वेलची आणि जायफळ. बेसन कोरडंच मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंत भाजून गार करायचं. तूप पातळ नको, थिजलेलं हवं. ते साखरेसोबत पांढरं आणि हलकं होईपर्यंत फेसायचं, मग पिठं घालून बोटांनी चोळायची. आता मूठ वळून पाहायची: मूठ जमली पाहिजे आणि अंगठ्याने जरा ढकलताच फुटली पाहिजे. जमतच नसेल तर चमचाभर दूध घालायचं, त्याहून जास्त नाही. ज्वारीच्या पिठाची विरी गेली की भाकरी थापता येत नाही, पण नानकटाईला असं पीठ चालतं, कारण इथे पीठ धरून ठेवायचं काम तूप करतं. पीठ चाखून मात्र बघा. कडवट लागलं तर वापरू नका. गोळ्यांना अर्धा तास विश्रांती द्यायची, म्हणजे कोंडा ओल पिऊन घेतो आणि कडा कमी फाटतात.

दुसरी समजूत: ‘घरचं आहे, ज्वारीचं आहे, मग कितीही खा.’ इथे हिशेब मांडूनच बोललेलं बरं. 200 ग्रॅम मैदा, 100 ग्रॅम साखर, 100 ग्रॅम तूप या नेहमीच्या प्रमाणात 25 नानकटाया केल्या, तर एकीत साधारण 80 कॅलरी आणि 4 ग्रॅम साखर येते. वरच्या प्रमाणात साधारण 66 कॅलरी आणि अडीच ग्रॅमच्या आत साखर. म्हणजे कॅलरींचा फरक आहे, पण फार मोठा नाही. ज्वारी काय, कणीक काय, मैदा काय, 100 ग्रॅम पिठात ऊर्जा जवळपास सारखीच असते, 320 ते 350 कॅलरी. खरा फायदा तंतूंचा. 100 ग्रॅम मैद्यात ते तीन ग्रॅमच्या आसपास असतात, तर ज्वारीत आणि कणकेत दहा-अकरा. साखरेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलेली अधिक चांगली मर्यादा दिवसाला साधारण 25 ग्रॅमची, म्हणजे सहा छोटे चमचे, आणि त्यात चहातली साखरही मोजायची असते. म्हणून दोन नानकटाया बशीत घ्याव्यात आणि डबा आत ठेवून द्यावा.

मग गूळ घालूया, असं लगेच सुचतं. चवीसाठी जरूर घाला. पण गुळाचाही बहुतांश भाग साखरच आहे, आणि मधुमेह असलेल्यांना त्यात सूट मिळत नाही. थोडं लोह आणि खनिजं असतात, पण दोन बिस्किटांतून येणारी मात्रा नगण्य. शिवाय गूळ हवेतली ओल ओढतो, त्यामुळे बिस्किटं लवकर सादळतात, आणि भाजताना लवकर काळवंडतात. हा काळपटपणा नुसता दिसण्यापुरता नसतो. पिष्टमय पदार्थ 120 अंशांच्या वर भाजले की त्यांत ॲक्रिलमाइड तयार होतं, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी 2002 मध्ये दाखवून दिलं. ते शरीराला चांगलं नाही, आणि रंग जितका गडद तितकं ते जास्त. तेव्हा 160 ते 170 अंशांवर पंधरा-अठरा मिनिटं, कडा फिक्या सोनेरी झाल्या की बाहेर. गरम असताना नानकटाई मऊच लागते. कच्ची राहिली समजून ती पुन्हा आत ढकलू नका, गार झाली की कडक होते.

आपल्या जिल्ह्यात सोयाबीन उदंड, म्हणून ‘सोयाबीन दळून घाला, प्रथिनं वाढतील’ हा सल्लाही ठरलेला. प्रथिनं त्यात भरपूर असतात, जवळपास चाळीस टक्के. पण कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटकही असतात. त्यांना मोडायला ओल आणि उष्णता दोन्ही लागतात, आणि बिस्किटाच्या कोरड्या भाजणीत ते काम नीट होत नाही. दाणे उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं शिजवायचे, सालं काढून उन्हात खडखडीत वाळवायचे आणि मगच दळायचे. प्रमाण दहाव्या भागाहून जास्त नको, नाहीतर उग्र वास येतो.

डालड्याबद्दल थोडक्यात: 1 जानेवारी 2022 पासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे तो धोका पूर्वीपेक्षा कमी झाला. संपृक्त चरबी मात्र डालड्यातही भरपूर आणि साजूक तुपातही भरपूर, म्हणून तूप मोजूनच घ्यायचं. चौथा भाग शेंगदाण्याचं तेल घातलं तरी पोत बिघडत नाही. विकतचं ‘आटा बिस्किट’ घेताना पाकिटाची मागची बाजू वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणं बंधनकारक आहे. पहिलं नाव मैद्याचं असेल तर समोरच्या गव्हाच्या ओंब्यांना अर्थ उरत नाही.

ओव्हन नसला तरी चालतं. जाड बुडाच्या जुन्या कढईत मिठाचा थर, त्यावर स्टँड, वर घट्ट झाकण, आणि आधी दहा मिनिटं कढई तापवलेली. चांगला कुकर मात्र कोरडा तापवू नका.

आणि घरात कुणाला सिलिअ‍ॅक म्हणजे ग्लुटेन न सोसण्याचा आजार असेल, तर वरच्या प्रमाणातली कणीक काढून तेवढी ज्वारीच वाढवावी लागेल. तेवढ्यानेही भागत नाही. गिरणीत त्याच जात्यावर आधी गहू दळलेला असतो. अशा माणसासाठी ज्वारी आणि हरभरा डाळ घरीच, गव्हाचा कण न लागलेल्या भांड्यात दळा.