सेल्फ फिरतो, इंजिन उठत नाही

कोलकात्याच्या एस्प्लनेडला विजेवरच्या वाहनांचा जुना इतिहास आहे. 27 मार्च 1902 रोजी शहरातली पहिली विजेची ट्राम इथूनच खिदिरपूरकडे निघाली. 24 ऑक्टोबर 1984 रोजी देशातली पहिली मेट्रो इथून भवानीपूरपर्यंत धावली, आणि मार्च 2024पासून हुगळीच्या पात्राखालून येणारी मेट्रोही इथं पोचते. तरीही दीघ्याला किंवा रात्रभर प्रवास करून सिलिगुडीला जायचं, तर लोक इथल्याच धर्मतल्ल्याच्या बसतळावर येतात. तिथं अजून मुख्यतः डिझेलचंच राज्य आहे.

डिझेलच्या या राज्याला न्यायालयानंही हटकलं. बसच्या धुरानं व्हिक्टोरिया मेमोरियलच्या संगमरवराला धोका आहे, म्हणून 2007मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयानं हा तळ हलवायला सांगितलं. 2011मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तो आदेश कायम ठेवला. मधल्या काळात, 2008मध्ये, 15 वर्षांपुढच्या व्यावसायिक गाड्या कोलकाता परिसरातून काढण्याचा आदेश निघाला. डिझेल गाडी जन्मभर धूर सोडते, पण थंड इंजिन सुरू होताना कुरकुरतं तेव्हा तो नजरेत भरतो. जाणत्या मेकॅनिकचं काम नेमकं तिथूनच सुरू होतं.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सायकलच्या टायरमध्ये हवा भरताना पंपाचं तोंड तापतं, तेच इथं फार मोठ्या जोरानं घडतं. पिस्टन हवेला साधारण सोळा ते वीसपट दाबतो, ती काहीशे अंशांपर्यंत तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. म्हणजे इंजिन उठायला तीन गोष्टी लागतात: पुरेसा वेग, पुरेशी उष्णता, आणि वेळेवर, बारीक फवाऱ्यानं आलेलं इंधन. खडकीत 1946मध्ये सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची हँडलनं सुरू होणारी इंजिनं ज्यांनी शेतात फिरवली आहेत, त्यांना यातला वेग हातानं ठाऊक आहे. डीकॉम्प्रेशनचा लिव्हर उचलून चाक आधी चांगलं पळवायचं आणि मगच लिव्हर सोडायचा. चाक मंद असताना सोडला, तर हवेची उष्णता सिलिंडरच्या भिंतींत निघून जाते.

बसमध्ये इंजिन फिरवण्याचं हे काम सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर करते, म्हणून पहिली तपासणी बॅटरीची. दोन बॅटऱ्यांच्या 24 व्होल्टच्या जोडणीत सेल्फ मारताना व्होल्टेज 19च्या खाली घसरत असेल, तर इंधन फवारणाऱ्या नोझलला हात लावण्यात अर्थ नाही. बॅटरी ठणठणीत असूनही सेल्फ जड फिरत असेल, तर इंजिन आणि चासीमधली अर्थिंगची केबल पाहावी. गंजलेल्या टोकापायी चांगले सेल्फ उगाच उतरवले जातात.

सेल्फ जोरात फिरतो आणि सायलेन्सरमधून काहीच येत नाही? मग इंधनच पोचत नाही. पांढरा धूर येतो? इंधन पोचतं, पण पेटत नाही: इंजिन थंड आहे, हीटर निकामी आहे, कॉम्प्रेशन गेलं आहे किंवा टायमिंग चुकलं आहे. काळा धूर असेल, तर इंधन जास्त किंवा हवा कमी, म्हणून आधी एअर फिल्टर उघडावा. एवढ्यानं निदान पुरं होत नाही, पण तपासाची निम्मी वाट कमी होते.

सगळ्यात फसवी तक्रार म्हणजे रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी स्टार्ट घेत नाही आणि एकदा चालू झाली की दिवसभर कुरकुर करत नाही. इथं बहुतेकदा लाइन एअर घेत असते. टाकीपासून फीडपंपापर्यंतच्या नळीत इंधन ओढलं जातं, त्यामुळे तिथल्या बारीक फटीतून डिझेल बाहेर गळत नाही. उलट हवा आत शिरते. रात्री इंधन टाकीकडे उतरतं आणि सकाळी पंपाला फुगेच मिळतात. बाहेर ओल नसल्यानं मालकाला हे पटत नाही. मग नव्या नोझलचं बिल होतं आणि दुसऱ्या सकाळी तीच रड सुरू. उपाय साधा आहे. फीडलाइनमध्ये पारदर्शक नळीचा तुकडा बसवायचा आणि बुडबुडे दिसतात का ते पाहायचं. दोषी बहुधा बँजो बोल्टखालचा पुन्हापुन्हा वापरलेला तांब्याचा वॉशर, तडकलेला रबरी पाइप किंवा हँडपंपाचं सील असतं. पावसाळ्यात त्याच वेळी फिल्टरखालचं पाणीही काढून पाहावं.

थंडीत डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबतो, हा हिमालयातला अनुभव. कोलकात्याचा हिवाळा सहसा दहा अंशांच्या वरच असतो आणि हिवाळी डिझेल त्याहून कमी तापमानातही फिल्टरमधून जावं, असं भारतीय मानक सांगतं. त्यामुळे एस्प्लनेडवर थंडीला दोष देण्याआधी बाकी सगळं तपासणं योग्य.

उलट तक्रारही येते: सकाळी ठीक, पण चहासाठी थांबलेली तापलेली गाडी उठत नाही. जुन्या रोटरी पंपात झिजलेल्या भागांतून तापून पातळ झालेलं डिझेल आतल्या आत निसटतं. पंपावर ओलं फडकं ठेवून तो निवल्यावर गाडी लगेच उठली, तर संशय पंपावर.

सगळ्या इंजेक्टरांना एकाच दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, इंधन देणाऱ्या कॉमन रेल इंजिनांत कानासोबत स्कॅनरही लागतो; 1 एप्रिल 2020पासून बीएस-6 प्रदूषण मानक आल्यावर तर हमखास. सेल्फ मारताना रेलचा दाब साधारण दोनशे बारपर्यंत चढला नाही, तर इंजिनचा संगणक, म्हणजे ईसीयू, इंजेक्टर उघडतच नाही. मात्र स्कॅनर दाब कमी असल्याचं सांगतो, कारण शोधावं लागतं. प्रत्येक इंजेक्टरची परतीची नळी वेगळ्या बाटलीत सोडून कोणती लवकर भरते ते पाहिलं, तर चारसहा इंजेक्टरांऐवजी एकच बदलून भागतं. नाशिकच्या बॉश कारखान्यात अशी नोझलं आणि इंजेक्टर बनतात. त्यांतली फट मायक्रॉनमध्ये मोजतात, म्हणून ते रस्त्याकडेला उघडू नयेत.

आणि एक गोष्ट अजिबात करू नये. हीटर प्लग किंवा इनटेक हीटर असलेल्या गाडीत ईथरचा फवारा मारू नका. तो अवेळी पेटून पिस्टन फोडू शकतो. त्याऐवजी गॅरेजात जाताना चार गोष्टी लिहून न्या: गाडी थंड असताना अडते की तापल्यावर, सेल्फ कसा फिरतो, धूर कोणत्या रंगाचा येतो आणि डिझेल शेवटचं कुठं भरलं.