सप्रे मास्तरांचा वर्ग

गांधीबाग म्हटले की नागपूरकराच्या डोळ्यांसमोर येतात ती कापडाची ठोक दुकाने, गाठी उतरवणारे हमाल आणि सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवरची न सरणारी गर्दी. आता डोक्यावरून मेट्रो धावते. जुने नागपूर हेच. इतवारी, महाल, चितार ओळी सगळे पायी फिरण्याच्या टप्प्यात. या व्यापारी शहरात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पोटापाण्यासाठी गाणे शिकवणारी एक पिढी उभी राहिली. तिच्यातले एकच नाव आज जरा तरी ओळखीचे आहे, तेही शिष्यांमुळे: शंकरराव सप्रे.

सप्रे हे पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. नागपुरात त्यांचे श्रीराम संगीत विद्यालय होते. वसंतराव देशपांडे आणि रामचंद्र चितळकर, म्हणजे पुढचे सी. रामचंद्र, दोघेही तिथले विद्यार्थी. एकाने ख्याल आणि नाट्यसंगीत गाजवले, दुसऱ्याने ‘अलबेला’ आणि ‘अनारकली’ला चाली दिल्या. या दोघांविषयी पुष्कळ लिहिले गेले, पण त्या लेखनात सप्रे मास्तर बहुधा एका वाक्यापुरते येतात. मला ही गोष्ट खटकते.

संगीत शिक्षक हा पेशाच तेव्हा नवा होता. त्याआधी गाणे शिकायचे म्हणजे गुरूच्या घरी राहायचे, त्याची सेवा करायची आणि तो देईल ते देईल तेव्हा घ्यायचे. खुद्द पलुस्कर मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे असेच शिकले. पण 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढताना त्यांनी ही चौकट मोडली. ठरलेली वेळ, ठरलेला अभ्यासक्रम, छापील स्वरलिपीची पुस्तके, परीक्षा, आणि मुलींनाही प्रवेश. त्याहून मोठे काम म्हणजे उपदेशक वर्ग. निवडक मुलांना स्वतःजवळ ठेवून, सांभाळून, त्यांना शिक्षक म्हणून तयार करायचे आणि गावोगाव पाठवायचे. विद्यालयाची मुंबईची इमारत कर्जापायी लिलावात गेली, पण ही माणसे टिकली. शंकरराव बोडस कानपूरला स्थिरावले, बी. आर. देवधरांनी मुंबईत शाळा काढली, विनायकबुवा पटवर्धनांनी 1932 मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. नागपूरच्या वाट्याला सप्रे आले.

संगीत शाळेतून गवई निघत नाही, असे आजही ठासून सांगितले जाते. वसंतरावांकडे पाहिले तर या म्हणण्यातला फोलपणा कळतो. 1920 मध्ये मूर्तिजापूरला जन्मलेला हा मुलगा नागपुरात आईच्या एकटीच्या कष्टांवर वाढला. उस्तादाच्या घरी वर्षानुवर्षे राहणे अशा घराला कुठून परवडणार? त्याला गाण्याचे दार उघडले ते शिकवणीच्या वर्गाने. पुढे लाहोरला असद अली खाँ, नंतर सुरेशबाबू माने, अमान अली खाँ असे कितीतरी गुरू त्यांनी केले. आपले घराणे आपल्यापासूनच सुरू होते, असे ते म्हणत. कुठूनही उचलावे आणि आपले करून गावे, ही हिंमत यायला पाया पक्का लागतो, आणि तो पाया कोणा एकाच्या ताब्यात असून चालत नाही. सप्रे मास्तरांनी मुलाला बांधून ठेवले नाही, हे मला त्यांच्या शिकवण्यातले सर्वात मोठे देणे वाटते. चितळकरांनीही नागपुरात सप्र्यांकडे आणि पुण्यात विनायकबुवांकडे धडे घेतले. म्हणजे पलुस्करांचे दोन शिष्य आणि शेवटी सिनेमा! शास्त्रीय संगीताच्या शिक्षकांना हा मार्ग रुचला असेल की नाही कोण जाणे. पण त्या चालींतला सुरांचा नेमकेपणा वर्गातून आलेला आहे, याविषयी मला शंका नाही.

वर्गात गाणे शिकवण्याची दुसरी परंपरा संगीतशास्त्रकार भातखंड्यांची. 1907 च्या संगीत-प्रवासात ते नागपूरलाही येऊन गेले होते. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर लखनौच्या मॉरिस कॉलेजात अनेक वर्षे प्राचार्य होते आणि नंतर खैरागडच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचे कुलगुरू झाले. हे विश्वविद्यालय 14 ऑक्टोबर 1956 ला सुरू झाले. खैरागड तेव्हा ज्या मध्य प्रदेशात होते त्याची राजधानी होती नागपूर. पंधरवडा उलटला, 1 नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि खैरागड पलीकडेच राहिले. आज तर ते छत्तीसगडात आहे. हावडा मार्गावरचे ते अंतर फारसे नाही, तरी मधल्या सीमेने विदर्भाच्या हातून एक संगीत विद्यापीठ गेले, याची हळहळ वाटते.

1948 मध्ये नागपूरला आकाशवाणी केंद्र आले. शिकवणीच्या फीवर घर चालवणाऱ्यांना कार्यक्रमाचे मानधन म्हणजे केवढा आधार. स्वतः वसंतरावांनीही कितीतरी वर्षे लष्करी हिशेब खात्यात नोकरी केली. शिकवणाऱ्यांची मिळकत काय असेल याचा अंदाज त्यावरून करावा.

1967 मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आले. नाटककार पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे, शाळेत शिकवलेले, म्हणून सगळ्यांचे ‘मास्तर’. आपली गायकी परक्याला न देणारे खाँसाहेब आणि ती मिळवण्यासाठी तळमळणारा सदाशिव, हा या नाटकाचा गाभा. खाँसाहेब साकारले वसंतरावांनी! ज्याला लहानपणी वर्गात, सर्वांबरोबर बसून विद्या मिळाली, त्याने विद्या कोंडून ठेवणाऱ्या उस्तादाची भूमिका अजरामर केली.

विदर्भातल्या अशा शिक्षकांची सलग नोंद आता तरी व्हायला हवी. कोण कोणाकडे शिकले, वर्ग कुठल्या वाड्यात भरत, फी किती होती, मुली कधीपासून येऊ लागल्या. त्यांच्या हातच्या स्वरलिपीच्या वह्या अजून काही घरांतल्या फडताळांत असतील. जे विद्यार्थी आज ऐंशीच्या घरात आहेत, त्यांच्याकडे बसून हे सगळे याच वर्षी लिहून घ्यावे.