सेऊल येथील परदेशी गुरुमाता

विद्यादानासाठीं परक्या देशीं जावें आणि महिनेच्या महिने दारीं एकहि विद्यार्थिनी फिरकूं नये, असा प्रसंग मेरी स्क्रॅन्टन या अमेरिकन बाईंवर आला. आपल्या डॉक्टर चिरंजीवांसमवेत 1885 सालीं त्या कोरियांत आल्या, तेव्हां त्यांची पन्नाशी उलटली होती. तेथील कुलीन स्त्रिया दिवसां घराबाहेर पडत नसत. मग मुलींस शाळेंत धाडणार कोण?

1886 सालीं शाळेस आरंभ झाला तो एकाच विद्यार्थिनीवर. इंग्रजी शिकून राणीची दुभाषी व्हावें, ही तिची आकांक्षा. परंतु तीहि लौकरच गेली. पुढें एका दरिद्री मातेनें आपली कन्या आणून सोडली. लोकांनीं मात्र तिला भय घातलें कीं, ही बाई मुलीस परदेशीं घेऊन जाईल. तेव्हां बाईंनीं लेखी वचन दिलें कीं, संमतीवांचून मुलीस देशाबाहेर नेणार नाहीं.

त्या एका कागदानें विश्वासाचा पाया घातला. 1887 सालीं राजदरबाराकडून शाळेस ‘ईह्वा’, म्हणजे नासपतीचें फूल, हें नांव मिळालें. 1909 सालीं बाईंनीं सेऊल येथेंच देह ठेविला. त्यांची शाळा आज स्त्रियांचें मोठें विद्यापीठ आहे. परक्या घरीं शिकवूं इच्छिणाऱ्यानें आधीं त्या घरच्या मातेचें भय जाणावें, हाच येथील बोध होय.