दार बंद, तरी जंत आत

मांजर झोपून उठले की त्याच्या गोधडीवर, नाहीतर शेपटीखालच्या केसांत, तांदळाच्या कणीएवढा पांढरा दाणा चिकटलेला दिसतो. ताजा असला तर तो आकसतो, लांबतो. वाळला की पिवळट आणि कडक होतो. गडचांदूरसारख्या सिमेंटच्या गावात पांढरे कण पुसायची हाताला सवयच असते, तसा हाही फडक्याने पुसला जातो. पण तो जंताचा तुकडा असतो.

‘आमचे मांजर उंबरा ओलांडत नाही, त्याला जंत कुठून होणार?’ असे पुष्कळांना मनापासून वाटते. मांजर बाहेर जात नसले, तरी जंत आत येतात. वरचा दाणा डायपिलिडियम या पट्टकृमीचा. हा कृमी आतड्यात अर्ध्या मीटरपर्यंत वाढतो आणि त्याचे तुकडे सुटून बाहेर पडतात. त्यांतली अंडी पिसवांच्या अळ्या खातात. पुढे तीच पिसू मांजराच्या अंगावर चढते आणि अंग चाटताना पोटात जाते. गल्लीतले कुत्रे किंवा खिडकीतून डोकावणारा बोका पिसवा आणून सोडतो. त्यांचे कोष फरशीच्या फटीत महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून नुसते जंतांचे औषध देऊन भागत नाही. पिसवा राहिल्या, तर तीनेक आठवड्यांत दाणे पुन्हा दिसू लागतात.

टॉक्सोकारा या गोलकृमीची वाट वेगळी. मांजरीच्या शरीरात दडलेल्या अळ्या तिच्या दुधात उतरतात आणि पिल्लांच्या पोटात जातात. म्हणजे गोठ्यातून उचलून आणलेले पिल्लू बहुधा जंत घेऊनच घरात येते. पोट टम्म आणि अंगावर मांस नाही, अशा पिल्लाला ‘चांगले खाते’ म्हणून कौतुकाने मिरवू नये. मोठ्या मांजराला हाच कृमी उंदीर किंवा झुरळ खाल्ल्याने होतो. घरात सोयाबीनची पोती असली की उंदीर आलेच. उंदराच्या यकृतात आणखी एका पट्टकृमीची अळी असते, तीही शिकारीबरोबर पोटात जाते.

माणसांनाही याची झळ बसते. टॉक्सोकाराच्या अळ्या मुलांच्या यकृतात-फुफ्फुसांत भटकतात, हे अमेरिकेत पॉल बीव्हर आणि सहकाऱ्यांनी 1952 मध्ये दाखवले. दिलासा एवढाच की ताज्या विष्ठेतली अंडी लगेच बाधक नसतात. त्यांना दमट जागी दोन-तीन आठवडे लागतात. चंद्रपूरच्या मे महिन्यातले कोरडे ऊन त्यांना मानवत नाही, पावसाळा मात्र मानवतो. मांजराची वाळू रोज साफ केली, तर अंड्यांना तेवढी सवडच मिळत नाही.

पिल्लांना तिसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला, दूध तुटून दोन आठवडे होईपर्यंत औषध द्यावे लागते. घरातच राहणाऱ्या मोठ्या मांजराला वर्षातून एक-दोनदा पुरते. उंदीर मारणाऱ्याला दर तीन महिन्यांनी हवे. मात्रा वजनावर ठरते. शाळेत मुलांना मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी अंदाजाने मोडून देऊ नका. जास्त झाली तर मांजराच्या अस्थिमज्जेला इजा होते. कुत्र्यासाठीचे परमेथ्रिनयुक्त पिसवांचे औषध तर मांजराचा जीव घेऊ शकते.

आणखी एक. पट्टकृमीची अंडी तुकड्यांत बंद असल्याने विष्ठेच्या तपासणीत बरेचदा सापडत नाहीत. म्हणून तो दाणा पुसून टाकू नका. छोट्या बाटलीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना दाखवा.