घरी कार लिफ्ट बसवायचीय? आधी पायाखालची माती बघा

हेडफोन असतील तर ऐका, नसतील तर आजचा भाग असा वाचूनही चालेल.

तुमच्याकडून वारंवार येणारा प्रश्न आज घेतोय: "दादा, घरच्या शेडमध्ये कार लिफ्ट बसवायचीय, कोणती घेऊ?" उत्तराआधी मी स्वतः या भानगडीत कसा पडलो ते सांगतो.

आमचं गाव माजलगाव तालुक्यात. घराशेजारी पत्र्याचं शेड, आत शहाबादी फरशी. दोन पावसाळ्यांपूर्वी काकांच्या बोलेरोचं मागचं चाक काढून ब्रेकचं काम करत होतो. उजेड बरा म्हणून गाडी अंगणात घेतलेली. गाडीखाली जॅक, जॅकखाली फळी, फळीखाली काळी माती. आदल्या रात्री पाऊस झालेला. मी हात आत घातला आणि फळी एका बाजूनं खचली. जॅक कलंडला, गाडी खाली आली. काढलेलं चाक मी सवयीनं चेसीखाली सरकवून ठेवलं होतं, गाडी त्याच्यावर टेकली. म्हणून हात वाचला. काका पळत आले, बघितलं आणि म्हणाले, "लेकरा, जॅक काय जमिनीत पेरतोस का?" सगळे हसले. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

मग लिफ्टचा शोध सुरू केला.

लिफ्ट किती प्रकारच्या?

वॉशिंग सेंटरवर जमिनीतून एक जाड खांब वर येतो आणि गाडी उचलतो, ते तुम्ही पाहिलंच असेल. त्याला आपण सरसकट रॅम्प म्हणतो. अमेरिकेत पीटर लुनाटी नावाच्या माणसाला न्हाव्याची वर-खाली होणारी खुर्ची बघून अशी लिफ्ट सुचली, असं सांगतात. ही 1920च्या दशकातली गोष्ट. पण त्या खांबासाठी खोल खड्डा लागतो. काळ्या रानात खड्डा म्हणजे पावसाळ्यात पाणी. घरासाठी ही लिफ्ट विसरा.

उरल्या तीन.

टू पोस्ट: दोन खांब, चार हात. गाडी चेसीवर उचलली जाते, चारही चाकं मोकळी लटकतात. ब्रेक, सस्पेन्शन, गिअरबॉक्स, सगळं काम उभ्यानं होतं. पण सगळा भार दोन खांबांच्या बुडाशी असलेल्या अँकर बोल्टवर येतो.

फोर पोस्ट: गाडी आपल्याच चाकांवर दोन पट्ट्यांवर उभी राहते. भार चार ठिकाणी वाटला जातो, खाली दुसरी गाडी लावता येते. चाक काढायचं असेल तर मात्र वर वेगळा जॅक लागतो.

सिझर लिफ्ट: कात्रीसारखी उघडते. मधल्या उंचीची सिझर गाडीला साधारण 3 ते 4 फूट उचलते. जागा कमी लागते. पण मधोमध तिचाच सांगाडा येतो, म्हणून गिअरबॉक्स उतरवायला अडचण होते.

खरा प्रश्न जमिनीचा

एका विक्रेत्यानं मला फोनवर सांगितलं, "फरशीवरच बोल्ट मारून देऊ, अर्ध्या दिवसाचं काम." इथं थांबा. शहाबादी फरशी म्हणजे दगडाचा पातळ तुकडा, खाली थोडा चुना-वाळू किंवा सिमेंटचा माल. त्यात मारलेला बोल्ट दीड-दोन टनांची गाडी धरणार नाही. साध्या कोब्याचंही तेच.

टू पोस्टसाठी बहुतेक कंपन्या किमान 4 इंच जाडीचं सलग काँक्रीट मागतात. 6 इंच असेल तर उत्तम. काँक्रीट एम-25 दर्जाचं घ्या आणि ओतल्यावर 28 दिवस बोल्ट मारू नका. पुरी ताकद यायला तेवढे दिवस लागतात.

आणि काँक्रीटच्या खाली काय? गोदाकाठची गेवराई, माजलगाव, परळी ही भारी काळ्या मातीची. बालाघाटावर, म्हणजे पाटोदा-आष्टीकडं, जमीन हलकी, मुरमाड. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भिंतींना तिरके तडे जातात ते यामुळंच. मग लिफ्टचा एक खांब दुसऱ्यापेक्षा बोटभर खाली गेला तर काय होईल, विचार करा.

माती किती फुगते याची सोपी चाचणी आहे. वाळवून बारीक चाळलेली माती दोन मापाच्या काचनळ्यांत सारखी घ्या. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. नीट ढवळून 24 तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातली माती त्याच्या दीडपट किंवा जास्त दिसली तर सावध व्हा, आणि सिव्हिल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढं जाऊ नका.

यावर उपाय आहे. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर खूप काम केलं. वरची काळी माती काढून तिथं न फुगणाऱ्या, पण धरून राहणाऱ्या मातीचा साधारण मीटरभर थर दाबून भरला की खालची फुगवण आवरते, हे त्यांनी दाखवलं. चांगला मुरूम त्या कामाला येतो.

उंची आणि वीज

बोलेरो साधारण 6 फूट उंच. टू पोस्टनं 6 फूट उचलली की झाले 12. आमचे पत्रे 10 फुटांवर! म्हणजे महागडी लिफ्ट घेऊनही गाडी 4 फुटांच्या आतच उचलता येणार. तुम्हीही आधी टेप घेऊन मोजा.

लिफ्टची मोटार बऱ्याचदा 2.2 किलोवॅटची, म्हणजे विहिरीवरच्या 3 एचपी मोटारीएवढी असते. घरी सिंगल फेज असेल तर तशीच मोटार मागा. वेगळी वायर, वेगळा एमसीबी आणि चांगलं अर्थिंग करून घ्या. गावात पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं. तेव्हा लिफ्ट चालवली तर मोटार जळू शकते.

लाईट गेली तर? गाडी वर नेल्यावर थोडी खाली घेऊन यांत्रिक लॉकवर टेकवायची, हा नियम कायमचा. नुसत्या तेलाच्या दाबावर सोडून खाली शिरायचं नाही. लॉकवर असलेली गाडी लाईट गेली तरी सुरक्षित असते. पण लॉक सोडवायला ती आधी जराशी वर घ्यावी लागते. म्हणून हातपंपाची सोय आहे का, हे विक्रेत्याला विचारा. युरोपच्या ईएन 1493 मानकाचं प्रमाणपत्रही दाखवायला सांगा.

मी काय केलं?

शेडच्या मधली फरशी उचकटली. तीन फूट काळी माती काढली, थराथरानं मुरूम भरला, पाणी मारून धुम्मस केली. वर जाळी टाकून 6 इंच काँक्रीट. पत्र्याचं पाणी पन्हाळीनं लांब सोडलं. 28 दिवस थांबलो. आणि मग मधल्या उंचीची सिझर घेतली. गिअरबॉक्सचं काम निघालं तर गाडी शहरातल्या गॅरेजला जाते, त्यात कमीपणा नाही.

काका पहिल्यांदा म्हणाले, "लिफ्टपेक्षा खड्ड्यालाच पैसे घातलेस की रं!" खरंय. पण आता दर वेळी गाडी टायर सुटण्यापुरती उचलतो, हलवून बघतो, मग वर नेतो, लॉकवर टेकवतो आणि मगच खाली शिरतो. काढलेलं चाक अजूनही गाडीखालीच ठेवतो.

लिफ्टचा खर्च जमत नसेल तर घेऊ नका. दोन चांगल्या घोड्या आणि पक्की, सपाट जमीन, एवढ्यावरही बरंच काम होतं. पण नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. घरी कुणीतरी जेवायला थांबलेलं असतं.

तुमच्या शेडची उंची आणि माती कशी आहे ते कळवा. पुढच्या भागात भेटू!