पाठीखालची ऊब
झाडाला टांगलेल्या झोळीत झोपायची हौस भारी, पण थंडी शिरते ती खालून! त्यावर उपाय आहे घरच्या शिलाई मशीनवर शिवलेली, झोळीच्या खाली बांधायची हलकी रजई.

‘‘मामा, पाठ गार पडलीय.’’

पहाटेचे तीन वाजले असावेत. भंडारदरा धरणाच्या काठी, एका शेतकऱ्याच्या आंब्यांखाली आम्ही मामा-भाचे दोन हॅमॉक बांधून झोपलो होतो. हॅमॉक म्हणजे दोन झाडांच्या मध्ये टांगायची नायलॉनची झोळी. जानेवारीचा महिना. भाचा अकरा वर्षांचा. त्याची आई, म्हणजे माझी ताई, त्याला पाठवायला तयार नव्हती. ‘‘तुझ्या भरवशावर सोडतेय हं,’’ असं तिने दोनदा बजावलं होतं.

मी उठून माझी शाल त्याच्या अंगावर घातली. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. मग माझी स्लीपिंग बॅग उघडून तीही घातली. पोराच्या अंगावर आता तीन पांघरुणं होती, तरी दात वाजायचे थांबेनात. शेवटी त्याला खाली उतरवलं, शेतकऱ्याच्या पडवीत नेलं आणि पेंढ्यावर सतरंजी टाकून निजवलं. दहा मिनिटांत गाढ झोपला! तीच थंडी, तीच पांघरुणं. वरून एवढं झाकूनही जे जमलं नाही, ते खालच्या मूठभर पेंढ्याने केलं.

घरी आल्यावर भाच्याने सगळी हकीगत आईला इमानेइतबारे सांगितली. ताईचा निकाल तयार होता: ‘‘पुन्हा झोळीबिळी काही नाही.’’

आजीने ओळखलेलं कारण

नाशिकच्या आमच्या जुन्या घरात माजघराच्या तुळईला झोपाळ्याच्या कड्या आहेत. याच कड्यांना कधीकाळी भाच्याची साडीची झोळी बांधली जायची. माझी आई त्या कड्यांकडे बघत म्हणाली, ‘‘अरे, हा थंडीतच जन्मला. झोळीत अंगावर कितीही घाला, पाठ गारच. मग मी जुनी शाल झोळीच्या खालून, बाहेरून बांधायची. तेव्हा कुठे हा झोपायचा.’’

मी चाटच पडलो. कारण हॅमॉकमध्ये मुक्काम करणारे परदेशी भटके नेमकं हेच करतात. अमेरिकेत जॉर्जियापासून मेनपर्यंत गेलेल्या सुमारे साडेतीन हजार किलोमीटरच्या अ‍ॅपलाचियन पायवाटेवर हॅमॉक घेऊन चालणारे पुष्कळ असतात. ते झोळीच्या खाली एक रजई टांगतात. तिला ‘अंडरक्विल्ट’ म्हणतात.

तसं पाहिलं तर हॅमॉक मूळचा अमेरिका खंडातलाच. १४९२ मध्ये कोलंबस कॅरिबियन बेटांवर उतरला, तेव्हा तिथले लोक टांगलेल्या जाळ्यांत झोपत. हॅमॉक हा शब्दही तिथल्या ताइनो भाषेतून आला. उष्ण हवेत खालून लागणारा वारा सुखाचाच! पुढे युरोपच्या खलाशांनी ही झोळी जहाजावर नेली आणि त्यांच्या कॅनव्हासच्या झोळीत पातळशी गादी आली. थंडीतल्या डोंगरात मात्र त्या वाऱ्याची शिक्षा होते.

ऊब कापडात नसते

रजई उबदार असते ती तिच्यातल्या कापसामुळे, असं आपल्याला वाटतं. खरी ऊब असते कापसात अडकलेल्या हवेची. स्थिर हवेतून उष्णता फार सावकाश बाहेर जाते. कापूस, लोकर, पिसं किंवा पॉलिएस्टर ही सगळी त्या हवेला जागच्या जागी धरून ठेवण्याची साधनं. म्हणून तर पिंजलेल्या कापसाची फुगीर गादी उबदार लागते आणि दडपलेली गार.

आता हॅमॉकमध्ये काय होतं पाहा. आपण स्लीपिंग बॅगेत शिरून झोपतो. वरची बाजू फुगलेली राहते, पण पाठीखालचं भरण आपल्याच वजनाने चपटं होतं. त्यातली हवा निघून जाते. खाली उरतं पातळ नायलॉन आणि त्याला घासून जाणारा वारा! जमिनीवर झोपताना खाली सतरंजी किंवा फोमची चटई असते. हॅमॉकमध्ये चटईही चालते, पण कूस बदलली की ती सरकते.

उपाय एकच. भरण पाठीखाली हवं, पण पाठीच्या वजनाखाली नको. म्हणजेच ते झोळीच्या बाहेरून, खाली टांगायचं. आजीची शाल हेच काम करत होती.

मुलांच्या बाबतीत हे अधिक महत्त्वाचं. वजनाच्या मानाने त्यांच्या शरीराचा पृष्ठभाग मोठा असतो, त्यामुळे ती मोठ्यांपेक्षा लवकर गारठतात. मूल सारखं थडथडू लागलं, बोलणं अडखळू लागलं किंवा ते गुंगीत गेल्यासारखं वाटलं, तर उजाडण्याची वाट पाहू नये. ताबडतोब आडोशाला न्यावं, ओले कपडे बदलावेत, ऊब द्यावी आणि डॉक्टर गाठावा.

मशीनवरचं धूळ झटकलं

तयार अंडरक्विल्ट परदेशातून मागवायची तर चांगल्या नगाला दीडशे-दोनशे डॉलरच्या पुढेच मोजावे लागतात. आईची गोधडी बांधून पाहिली, तर ती अडीच-तीन किलोची. शिवाय दव पडलं की सुती गोधडी भिजते, ती लवकर वाळत नाही. मग आईने मशीनवरचं धूळ झटकलं आणि आम्ही कामाला लागलो.

सामान : रिपस्टॉप नायलॉन म्हणजे बारीक चौकडी विणीचं, न फाटणारं हलकं कापड. दीड मीटर पन्ह्याचं साडेचार मीटर लागतं. भरणासाठी १०० जीएसएमची पॉलिएस्टर फायबरची शीट दुहेरी. ती गादीच्या सामानाच्या दुकानात मिळते. पॉलिएस्टर दोरा, ११ नंबरची सुई, जाड नाडी, सामान बांधायची बारीक इलॅस्टिकची दोरी आणि फासांसाठी थोडी मजबूत पट्टी. सगळं मिळून आम्हाला दोन हजारांच्या आत पडलं.

बेतणं : दोन्ही कापडांची लांबी २१२ सेंटिमीटर. आतल्या कापडाची रुंदी ११८, तर बाहेरच्या कापडाची १२६. हा फरक मुद्दाम ठेवायचा. रजई टांगल्यावर तिला बाक येतो. बाहेरचं कापड तेवढंच ठेवलं तर ते ताणून भरण दाबतं. भरण कापायचं २०० बाय ११८.

शिवणं : भरण आतल्या कापडाच्या उलट्या बाजूवर ठेवा. दोन्ही टोकांना सारखं, म्हणजे ६ सेंटिमीटर कापड मोकळं सोडा आणि कडेने कच्चे टाके घाला. आता दोन्ही कापडांच्या सुलट बाजू समोरासमोर ठेवून फक्त लांब बाजूंना दीड सेंटिमीटरवर टीप मारा. टीप मारण्यापूर्वी प्रत्येक बाजूला दोन्ही टोकांजवळ एकेक आणि मध्ये दोन असे पट्टीचे फास आत अडकवा. टोकाचे फास टोकापासून ९ सेंटिमीटर आत असावेत, म्हणजे नेफ्यात अडकणार नाहीत. उशीच्या अभ्र्यासारखं सगळं उलटवून सुलट करा. टोकांशी बाहेरच्या कापडाला बारीक चुण्या घालून ते आतल्याएवढं करा. मग दोन्ही कापडं मिळून आधी १ आणि नंतर ३ सेंटिमीटर दुमडा आणि टीप मारा. भरणाची कड या टिपेत धरली जाते. हा झाला नाडीचा नेफा.

इथे आमचं मायलेकांचं भांडण झालं. आईला रजईवर सबंध धावदोरा हवा होता. ‘‘टाक्याशिवाय गोधडी? भरण एका धुण्यात गोळा होईल!’’ तिचं खरं होतं. ही शीट तुकड्या-तुकड्यांच्या धाग्यांची असते, ती सरकते. पण माझंही खोटं नव्हतं. जिथे टाका घट्ट बसतो तिथे जाडी संपते आणि त्या रेघेतून थंडी येते. अखेर तडजोड झाली. गादीला घालतात तसे सुटे टाके, हातभर अंतरावर, लोकरीच्या दोऱ्याने. मात्र गाठ सैल ठेवायची, कापडं एकमेकांना टेकू द्यायची नाहीत. दोघांचंही राहिलं!

बांधण्यात खरी मेख

इलॅस्टिकची दोरी दोन्ही बाजूंच्या फासांतून ओवायची आणि टोकं हॅमॉकच्या दोन्ही गाठींना अडकवायची. पहिल्याच रात्री माजघरात कड्यांना बांधून पाहिलं, तर भाच्याची पाठ गारच! दोरी इतकी ताणली होती की रजई चपटी झाली होती. सैल सोडली, तर मध्ये फट पडली आणि तिच्यातून वारा खेळू लागला. म्हणून झोपणाऱ्याने आत पडून राहावं आणि दुसऱ्याने खालून हात फिरवावा. रजई पाठीला टेकायला हवी, पण दाबली जायला नको. मग टोकाच्या नाड्या ओढून चुण्या कराव्यात, म्हणजे वारा दोन्हीकडून आत शिरत नाही.

काही पथ्यंही पाळायला हवीत. झाडाला रुंद पट्टे बांधावेत, बारीक दोरीने साल कापली जाते. झाड जाड आणि जिवंत असावं. बसल्यावर झोळी खुर्चीच्या उंचीपेक्षा वर नको. नायलॉन आणि पॉलिएस्टर ठिणगीने वितळतात, तेव्हा शेकोटी दूर हवी. भंडारदऱ्याला लागूनच कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. तिथे मुक्काम करायचा तर वनखात्याची परवानगी घ्यावी. तान्ह्या बाळासाठी मात्र हे सगळं नव्हे.

पुन्हा तीच आंब्याची झाडं

ताईला मनवायला पंधरा दिवस लागले. ‘‘आईने शिवलीय,’’ एवढ्या एकाच मुद्द्यावर ती विरघळली. मात्र अट घातली, की पडवीत अंथरूण तयार ठेवायचं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला आम्ही पुन्हा त्याच आंब्यांखाली गेलो. रजईचं वजन नऊशे ग्रॅमच्या आत होतं, भाच्याने ती स्वतःच्या पाठीवर आणली. रात्री दोनला सोबतच्या तापमापकात १० अंश. मी उठून त्याच्या झोळीखाली हात घातला. रजईला बाहेरून दव आलं होतं. आत हात सरकवला तर ऊब. पोरगा हललासुद्धा नाही. पडवीतलं अंथरूण तसंच राहिलं.

सकाळी सातला ताईचा फोन आला. मी मुकाट्याने भाच्याच्या हातात दिला.

‘‘गारठला नाहीस ना रे?’’

‘‘पाठ मुळीच नाही, आई. फक्त नाक! आजीला सांग, आता नाकासाठी काहीतरी शिव.’’